मामाला दिसलं

माझ्या मामाला मिशा आवडत नसत. स्वतःच्याही नाही आणि लोकांच्याही नाही. कोणी झुपकेदार मिशीचा पाहुणा घरी आला, की मामा त्याच्या तोंडाकडे दाताच्या डॉक्टरसारखा बघत बसायचा आणि तो उठून गेल्यावर म्हणायचा, "माणूस बरो असतलो, पण कळाक मार्ग नाय." ह्यात अपमान नव्हता. मामा ठार बहिरा होता. समोरच्याचं बोलणं तो ओठ बघून ओळखायचा, आणि मिशी ही त्याच्या दृष्टीने मुद्दाम घातलेली आडकाठी होती.

तो आईचा सख्खा थोरला भाऊ. मालवणच्या बाजूचा. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आला, परळच्या एका गिरणीत साच्यांवर उभा राहिला आणि केस पिकेपर्यंत तिथेच उभा होता. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. अशी शेकडो यंत्रं एका छताखाली धडधडत असली, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं ओरडतच नाहीत; नुसते ओठ हलवून बोलतात. मामाचे कान तिथेच हळूहळू गेले. नेमके केव्हा, ते त्यालाही सांगता येत नसे. दिवसभर कानांना काही कामच नसायचं, मग गेलेले कळणार कसे?

संपात गिरणी बंद पडली. लालबागच्या ज्या खोलीत तो गाववाल्यांबरोबर राहायचा, तिथली माणसं एकेक करून गावाला निघून गेली. शेवटी मामा त्या खोलीत एकटाच उरला, तेव्हा आई त्याला मुलुंडला आमच्याकडे घेऊन आली. मामी तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. गावच्या घरात चुलत भावांचा संसार होता आणि ह्याच्या वाट्याला एक गळकी पडवी होती. म्हणजे आमच्या दोन खोल्या सोडल्या, तर मामाला हक्काने पाय पसरायला जागा नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तोही ते विसरत नसे.

आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याने बाबांच्या मिशीचा विषय काढला. बाबा सरकारी कचेरीत कारकून. अंगाने किरकोळ, आवाज बेताचा. त्यांच्या चेहऱ्यावर रुबाबाची म्हणावी अशी ती मिशी एवढी एकच गोष्ट होती. मामा म्हणाला, "भावोजी, तुमी बोलतास ता माका अर्धाच कळता. वरचो ओठ मिशयेत जाता." रविवारी बाबा कोपऱ्यावरच्या सलूनमधून आले ते मिशी उतरवूनच. ताईला आणि मला इतकं हसू आलं, की आम्ही स्वयंपाकघरात पळालो. आईला मात्र रडू आलं. मेहुण्यासाठी मिशी काढणारा माणूस शोधून सापडायचा नाही, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. पुढे जे झालं त्यात बाबांना दोष देण्याआधी ही मिशी लक्षात ठेवावी, असं मला वाटतं.

घरात मामाचा आवाज प्रचंड होता. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आपण केवढ्याने बोलतो, ह्याचा त्याला पत्ताच नसे. सकाळी तो "चाय झाली?" म्हणून विचारायचा तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई "झाली हो!" म्हणून उत्तर द्यायच्या. ताईचं दहावीचं वर्ष. ती कानात कापसाचे बोळे घालून अभ्यासाला बसायची. मामाने एकदा ते बोळे पाहिले आणि फार कौतुकाने विचारलं, "तू पण साचेखात्यात जातलंस काय गो?"

साचेखात्यात प्रत्येक माणसाला हाताची एक खूण असायची. मुकादमाची वेगळी, चहावाल्याची वेगळी. मामाने आम्हालाही खुणा दिल्या. बाबांची खूण चष्मा, आईची कपाळावरचं कुंकू, ताईची वेणी. मला बारमाही सर्दी असायची, तेव्हा माझी खूण काय होती ते सांगायची गरज नाही. मी खूप आदळआपट केली, पण खूण बदलून मिळाली नाही. "खूण मागान गावणा नाय, लोकांनी दिली ती घेवची," असं त्याचं म्हणणं.

रविवारचं डोंगरावर जाणं त्यानेच सुरू केलं. मुलुंड पश्चिमेला डांबरी रस्ता जिथे संपायचा, तिथे आमची सोसायटी होती. तिच्या पाठीला डोंगर लागलेला. त्याच्याकडे आम्ही फक्त गॅलरीत कपडे वाळत घालताना बघायचो. डोंगरात बिबट्या आहे, दारू गाळणारे आहेत, असं सगळे सांगायचे. मामाने एका शनिवारी जाहीर केलं, "पाच माणसा आणि दोन खोलये. उद्या भायर पडाचा." दुसऱ्या दिवशी आम्ही घावणे, लसणीची चटणी आणि पाण्याची पिशवी घेऊन निघालो. मग ते दर रविवारचंच होऊन बसलं.

पायवाट दगडाच्या खाणीला वळसा घालून चढायची. पुढे कुड्याची आणि सागाची झाडं, उन्हाळ्यात करवंदीच्या जाळ्या, आणि मध्येच एखादा कांडोळ, पांढऱ्या खोडाचा, उघडाबोडका. वर पोचलं की एका अंगाला तुळशी तलाव दिसायचा आणि दुसऱ्या अंगाला पार खाडीपर्यंत, मिठागरांचे पांढरे ढीग. मामा चढणीला लागला की चपला काढून हातात घ्यायचा. "डोंगर पायांनी ऐकूचो," म्हणायचा. खाणीत सुरुंग उडाला की त्याला आमच्याआधी कळायचं. तो एकदम थांबायचा, पायाकडे बघायचा, "उडालो!" म्हणायचा, आणि मग आम्हाला धडाम ऐकू यायचं. त्या क्षणी तो आमच्याकडे असा बघायचा, की जणू सुरुंग त्यानेच लावला होता.

डोंगरावरचा त्याचा नियम एकच. चालताना गप्प, बसल्यावर गप्पा. एकामागून एक चालताना त्याला फक्त पाठी दिसायच्या, आणि पाठीला ओठ नसतात. म्हणून ठरावीक ठिकाणी आम्ही थांबायचो आणि गोल करून बसायचो, सगळ्यांची तोंडं त्याला दिसतील असे. आणि बोलायचं ते आवाज न करता. बहिऱ्या माणसाशी ओरडून बोललं, की बोलणाऱ्याचं तोंड वाकडं होतं आणि मग त्याला काहीच कळत नाही. आवाज सोडून दिला की ओठ स्वच्छ होतात. हे त्याने आम्हाला घटवून घटवून शिकवलं. आई पटकन शिकली, मी तिच्याहून पटकन. बाबांना वेळ लागला, पण तेही शिकले. लाकूडफाटा घेऊन उतरणाऱ्या बायका आमच्याकडे बघत उभ्या राहायच्या. पाच माणसं गोल बसली आहेत, तोंडं हलताहेत, मध्येच सगळी हसताहेत आणि आवाज कशाचाच नाही! एकीने एकदा लांबूनच हात जोडले. आम्ही कसली तरी पूजा करतोय असं तिला वाटलं असावं.

मोठा आवाज करणारा मामा डोंगरावर शब्दसुद्धा हळू ठेवल्यासारखा ठेवायचा. घरातला तो आणि डोंगरावरचा तो, ही दोन माणसं होती. मला डोंगरावरचा जास्त आवडायचा.

त्याची आणखी एक खोड होती, ती ताईला सगळ्यात आवडायची. वरच्या कातळावर बसून तो खालच्या वाटेवरून जाणाऱ्या माणसांचं बोलणं आम्हाला सांगायचा. त्याची नजर लांबची, आणि ओठ दिसले की झालं. खालून कॉलेजचं एखादं जोडपं चाललेलं असायचं. मामा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "तो म्हणता, घरी बोलतंय. ती म्हणता, गेल्या वर्सापासून बोलतस." ताई हसून लोळायची. आई रागावायची.

"दादा, लोकांचा बोलणा असा चोरून ऐकू नये."

"मी ऐकतंय खय?" मामा म्हणायचा. "मी बघतंय."

तेव्हा त्याला किती लांबचं दिसतं हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. बाबांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. तरीही मनात एक पक्कं बसलेलं असतं, की बहिरा तो बहिरा. त्याच्यासमोर आवाज खाली घेतला की आपलं बोलणं आपल्यापाशी राहिलं.

मे महिन्यातली गोष्ट. वरच्या सपाटीवर एक नाला आहे, उन्हाळ्यात कोरडा. आम्ही अलीकडे सावलीत बसलो होतो. मामा पलीकडे गेला होता, करवंदं काढायला. पळसाच्या पानाचा द्रोण हातात, पाठ आमच्याकडे. घरात त्या उन्हाळ्यात बरंच झालं होतं. ताईची परीक्षा अपेक्षेइतकी चांगली गेली नव्हती. शेजाऱ्यांनी मामाच्या आवाजावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला होता. बाबांनी मामासाठी रखवालदाराच्या दोन जागा बघितल्या होत्या, पण गाडीचा हॉर्न ऐकू न येणारा रखवालदार कोणाला हवा होता?

बाबांनी आवाज खाली घेतला. मामाला ते भाऊ म्हणायचे. "भाऊंशी कोणीतरी बोलायला हवं. पोरी मोठ्या होताहेत. हे किती दिवस चालायचं?"

आईने गवताची काडी मोडली. मग तीही हळूच म्हणाली, "गणपतीला जाईलच तो गावाला. तेव्हा सांगते, आता तिकडेच राहा म्हणून."

"तू सांगशील?"

"सांगायलाच हवं ना. मलाही आता होत नाही हो."

मी सहज पलीकडे बघितलं. मामा वळलेला होता. द्रोण छातीशी, आणि डोळे आईच्या तोंडावर. किती वेळचा तो तसा उभा होता कोण जाणे. मग तो पुन्हा पाठमोरा झाला आणि जाळीत हात घातला.

"आई," मी म्हटलं, "मामाला दिसलं."

"काय दिसलं?"

"तुम्ही बोललात ते."

"काहीतरीच काय!" बाबा म्हणाले. "एवढ्या लांबून?"

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, "बाबा, त्याला ह्याच्या दुप्पट लांबचं दिसतं." आवाज खाली घेतला होता, म्हणजे ओठ नेहमीपेक्षा स्वच्छ होते. त्यानेच शिकवल्यासारखे. आणि बाबांच्या ओठांवर तर आता मिशीही नव्हती.

मामा नाला उतरून आला, द्रोण मध्ये ठेवला. "पिकी पिकी बघान काढलंय," म्हणाला. आम्ही करवंदं खाल्ली. मला त्यांची चव अजून आठवते आणि ती चांगली नाही.

त्यानंतर मामाने भांडण केलं नाही, जेवणावर राग काढला नाही, की अबोलाही धरला नाही. त्याने फक्त आमच्याकडे बघणं सोडलं. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या पुढे चालू लागला, आणि बसायची जागा आली तेव्हा गोलात बसण्याऐवजी चार हात पुढे जाऊन, दरीकडे तोंड करून बसला. "बोला तुमी," तो म्हणाला. "मी हय बसतंय."

मला तेव्हा ते पुरतं कळलं नव्हतं, आता कळतं. त्याने आम्हाला मोकळीक दिली होती. आपल्या पाठीमागे ह्यांना काही बोलायचं असेल तर बोलू दे, आपण बघायला नको, असा त्याचा विचार. घरीही तसंच. जेवताना नजर ताटात. एरवी गॅलरीत, डोंगराकडे तोंड करून. दळण आणायचा, पाणी भरायचा, सगळं करायचा. आम्ही समोर गेलो की खाली बघायचा. आपल्याला कोणाचं ऐकायचं नसलं तरी चार शब्द कानावर पडतातच. मामाने नजर फिरवली की त्याच्यापर्यंत जायला एकही वाट उरायची नाही. घरात एवढा मोठा आवाज असून मी इतकी शांतता पुन्हा कधी अनुभवली नाही.

आईची काय दशा झाली, ती मी बघत होते. तिला त्याच्याशी बोलायचं होतं आणि तो तोंड देत नव्हता. ती त्याच्यासमोर जाऊन बसायची, दंडाला हात लावायची. तो "काय व्हया?" म्हणून विचारायचा आणि उत्तर बघायच्या आत उठून जायचा. बाबांनी त्या दिवसांत पुन्हा मिशी वाढवायला घेतली. चार दिवसांचे खुंट दिसल्यावर आई त्यांच्यावर अशी कडाडली, की आम्ही दोघी दारात थिजलो. "आता काय झाकताय? जे बघायचं ते त्याने बघितलं!" बाबांनी तिथल्या तिथे वाटीत पाणी घेतलं आणि आरशासमोर उभे राहिले.

श्रावण संपत आला तेव्हा मामाने सांगून टाकलं. ताटावरून नजर न उचलता म्हणाला, "गणपतीक जातंय तो आता थयच रवतंय." आईने जे सांगायचं ठरवलं होतं, ते तिला सांगावं लागलंच नाही. तिच्या हातातला डाव आमटीत पडला.

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा वर गेलो. सगळीकडे हिरवं, वाट निसरडी, नाला भरून वाहत होता. मामा नेहमीसारखा पुढे जाऊन दरीकडे तोंड करून बसला. आई उठली. अंगाने जड, गुडघे दुखायचे, पण ओल्या कातळावरून खरडत ती त्याच्या पुढ्यात गेली. तिच्या पाठीशी उतारच होता. बाबा "अगं, अगं" करत अर्धे उठले. मामाने तिला बघितलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

आई तशीच बसून राहिली. त्याला हात लावला नाही, हलवलं नाही. आम्ही तिघं मागे उभे होतो. खूप वेळाने मामाने डोळे उघडले. ती अजून तिथेच आहे ह्याचा त्याला राग आला असावा, किंवा तिच्या पाठीमागचा उतार दिसला असावा. तिने आवाज न करता ओठ हलवले. मला बाजूने दिसले. "जाव नको," ती म्हणाली.

मामा घरच्यासारखा मोठ्याने बोलला नाही, की गोलातल्यासारखा आवाज न करताही नाही. त्याचा आवाज पहिल्यांदाच आपल्यासारखा, साध्या माणसाचा आला.

"बाय," तो म्हणाला, "ह्या बोलता ता तोंड तुझाच. आणि त्या दिवसा बोलला ताय तुझाच. दोनय खरी. तू खोटा काय बोललंस? दोन खोलये, पाच माणसा, माका काय दिसना नाय? त्याचा माका काय एक वाटूक नाय."

आई मान हलवत होती. तो थांबला नाही.

"पण साचेखात्यात पाठीमागसून बोलूक येणा नाय. कोणाक शिवी घालूची झाली, तरी त्याच्या समोर येवन उभ्या रवाचा लागता. मी त्या सवयेचो माणूस. तू माझ्या समोर येवन कित्याक नाय बोललंस?"

आईने काही सबबी सांगितल्या नाहीत. बाबांचं नाव घेतलं नाही. "धीर झालो नाय, दादा," एवढंच म्हणाली.

मामाने त्या ओठांकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. "ता कळता माका." मग त्याने हात देऊन तिला त्या उतारावरून वर घेतलं. जायचं मात्र त्याने रद्द केलं नाही. बाबा खाली उतरताना दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "भाऊ, चूक माझी होती," असं काहीतरी म्हणाले. मामाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भावोजी, तुमी मिशी ठेवा आता. बरी दिसता तुमका."

गणपतीच्या जादा एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. भुरभुर पाऊस होता म्हणून काचा लावलेल्या. निरोप द्यायला आलेली माणसं काचांवर थापा मारून ओरडत होती. डबा कुठे ठेवलाय, पोचल्यावर कळव, पोराला सांभाळ. आत कोणाला काही ऐकू येत नव्हतं. आतली माणसं कानाशी हात नेत होती, "काय? काय?" करत होती. त्या सगळ्या गाडीत फक्त माझ्या मामाला बाहेरचं बोलणं कळत होतं. आई त्याच्या खिडकीसमोर उभी राहून सावकाश बोलत होती. तिची पाठ आमच्याकडे होती, म्हणून ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. मामाचे ओठ तेवढे दिसत होते. तो म्हणत होता, "होय. होय. ता माका म्हायत आसा." मग म्हणाला, "रडा नको, ओठ थरथरतत. काय कळना नाय." गाडी वळेपर्यंत त्याने तिच्यावरची नजर काढली नाही.

मामा परत आला नाही. पडवीवर त्याने स्वतः कौलं चढवली आणि तिथेच राहिला. त्याच्याशिवाय आम्ही दोन-तीनदा डोंगरावर गेलो, पण बोलत बोलत चढायचो, आणि ते काही खरं नव्हे. मग रविवारचं जाणं बंद पडलं.

आई मात्र बदलली. कोणाबद्दल काही वाईट तोंडात आलं, की ती बोलणं अर्ध्यावर थांबवून चपला घालायची आणि सरळ त्या माणसाच्या घरी जायची. "तुमच्याबद्दल बोलायचंय, म्हणून तुमच्याकडे आले." सोसायटीत तिला भांडखोर म्हणू लागले. हे ती नसताना म्हणायचे, हे सांगायला नकोच.

दर मे महिन्यात ती मामाकडे जायची. मी मोठी झाल्यावर एकदोनदा बरोबर गेले. हातपाय धुवून झाले, की ती त्याच्यासमोर पाटावर बसायची आणि म्हणायची, "वर्सभर तुझ्याबद्दल काय काय बोललंय, ता सांगतंय." आणि सांगायची. तू किती हट्टी आहेस म्हणून बाबांना म्हटलं, तू होतास तेव्हा ताईचे मार्क गेले असं शेजारणीला म्हटलं, तू गेलास तेव्हा पहिल्या दिवशी घर मोकळं वाटलं आणि त्याची मला लाज वाटली, असं काहीबाही. एकही वगळायची नाही. मामा तिच्या ओठांकडे बघत सुपारी कातरायचा आणि मध्ये मध्ये "होय?" म्हणायचा. कधीकधी तो इतका हसायचा, की चुलतभावाच्या घरातली माणसं बघायला यायची.

शेवटच्या खेपेला त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आई पुढ्यात बसली तरी तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं, नुसती सावली दिसत होती. मामाने हात पुढे करून चाचपडत तिचा चेहरा शोधला आणि बोटं तिच्या ओठांवर ठेवली.

"हां, सांग," तो म्हणाला.

आईने सुरुवात केली. बोटांखाली ओठ हलत होते, डोळ्यांचं पाणी बोटांवर उतरत होतं, पण ती थांबली नाही, आणि त्यानेही हात काढला नाही. मध्येच मामाने मान हलवली.

"ह्या नको," तो म्हणाला. "ह्या तू गेल्या वर्साक सांगितलंस. नवीन सांग."